पॉपचा झेल

खानावळीतल्या लोरेनने माझ्यापुढे अंडी आणि परतलेले बटाटे ठेवले, मी मीठदाणी उचलली, आणि नेमका तेव्हाच काउंटरच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून उजवा हात वर केला. तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन बोटं अंगठ्याखाली दाबलेली. मीठदाणी माझ्या हातातच राहिली. चौदा वर्षांत मी अकरा गावांकडून बेसबॉल खेळलो. शिट्ट्या ऐकल्या, शिव्या ऐकल्या, एका गावात तर वरच्या बाकावरून कुणीतरी माझ्या टोपीवर अख्खा ग्लास बिअर ओतली, सगळं पचवलं. पण वीलिंगसारख्या नदीकाठच्या गावात, टोलेडोपासून इतक्या लांब, रविवारी सकाळी न्याहारी करताना हा हात माझ्यासाठी वर होईल असं कधी मनात आलं नव्हतं. मग राग आला. राग आला की मी हळू चावतो. मी बटाटा तोंडात टाकला आणि अगदी हळू चावत राहिलो.

तशी आमच्या धंद्यात ही खूण रोजची. तीन गडी बाद झाले की डाव संपतो, त्यामुळे आत्ता किती बाद आहेत हे मैदानातल्या प्रत्येकाच्या डोक्यात सतत असावं लागतं. लांब मागे गवतात उभे असलेले आम्ही तिघं, लेफ्ट, सेंटर आणि राइट, एकमेकांना ते बोटांनी सांगत राहतो. एक बाद असेल तर तर्जनी. दोन असतील तर तर्जनी आणि करंगळी, कारण शेजारशेजारची दोन बोटं लांबून एकच दिसतात. पण टोलेडोत आमच्या वस्तीत या खुणेचा एवढाच अर्थ नव्हता. तिथे ती माझ्या बापाला, पॉपला, चिडवायला करत. खाटीक करायचा, पोस्टमन करायचा, चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून फादर क्रिस्टोफ करायचे. माझ्या बहिणीच्या लग्नात अकॉर्डियनवाल्याने वाजवता वाजवता मधेच एक हात सोडून केली आणि सगळा हॉल हसला. पॉपही हसला, त्यानेही दोन बोटं वर करून दाखवली. त्याचं ते हसणं मला सगळ्यात जास्त लागायचं.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लिऑन रुड्झिक, माझा बाप, तेव्हा 'वर' खेळत होता. आम्ही मोठ्या लीगला वर म्हणतो, दुसरं नाव कुणी घेत नाही. त्याचा तेविसावा सामना, क्लीव्हलंडच्या परक्या मैदानात. एक गडी बाद, समोरच्यांचे दोन गडी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. चेंडू सेंटरला उंच उडाला, पॉपने तो झेलला, आणि त्याला वाटलं की तिसरा बाद झाला, डाव संपला. चेंडू ग्लव्हमध्ये ठेवून, मान खाली घालून तो धिम्या पावलांनी आत यायला निघाला. झेल झाल्यावर बेसवरच्या गड्यांना पळायची मुभा असते. ते दोघंही पळाले आणि दोघंही घरी, म्हणजे जिथून फटका मारतात त्या होम बेसवर पोचले; दोन धावा झाल्या. लोक बेभान ओरडत होते. पॉपला वाटलं, परक्या मैदानातही माणसं आपलं कौतुक करतायत, म्हणून त्याने टोपीला हात लावून त्यांचे आभार मानले. सामना एका धावेने गेला. चार दिवसांनी त्याला खाली पाठवलं आणि पुन्हा वर कुणी बोलावलं नाही. पुढे तो काचेच्या कारखान्यात लागला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनी गणिताच्या तासाला मला उभं करून विचारलं, एक अधिक एक किती.

मी चांगला खेळाडू आहे, हे इथेच सांगून टाकतो. उगाच नम्रपणा माझ्या अंगी नाही आणि चौतिसाव्या वर्षी तो शिकायचा विचारही नाही. बॅटचा आवाज झाला की चेंडू कुठे पडणार हे माझ्या पायांना आधी कळतं आणि डोळ्यांना नंतर. ते जाजाने शिकवलं. जाजा म्हणजे माझा आजोबा. आमच्या पोलिश घरांतून आजोबाला तसंच म्हणतात. तो युद्धाच्या आधी अकरा सामने वर खेळला होता. मला गॅरेजच्या भिंतीकडे तोंड करून उभं करायचा आणि पाठीमागे चेंडू मारायचा. मी न बघता ओरडायचं, पुढे की मागे. चुकलो की तो पोलिशमध्ये माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, त्यात त्याची स्वतःची पिढीही यायची, हे त्याच्या लक्षात येत नसे. मोजणी मात्र पॉपने शिकवली. जेवताना रेडिओवर सामना चालू असायचा, बुशा, माझी आजी, ताटात पियेरोगी वाढत असायची, आणि पॉप मधेच विचारायचा, "किती?" म्हणजे बाद किती. तोंडात घास असला तरी उत्तर द्यायचं. चुकलं तर तो रागवायचा नाही, आवाजही चढवायचा नाही. फक्त हात लांबवून रेडिओ बंद करायचा. त्या खटक्याच्या आवाजाने माझा जीव जायचा. चौदा वर्षांत मी मोजणी एकदाही चुकलेलो नाही. आणि चौदा वर्षांत मी एकदाही वर गेलेलो नाही. जाजाचे अकरा सामने, पॉपचे तेवीस, माझा भोपळा.

तो भोपळा फुटायची वेळ आली होती, म्हणूनच त्या सकाळी म्हाताऱ्याचा हात मला इतका झोंबला. वरच्या संघातल्या लेफ्टवाल्याचा घोटा मोडला होता. आमचा मॅनेजर ऑर्व्हिल पेटिग्रू, ज्याला आम्ही सगळे स्किप म्हणतो, त्याने शनिवारी मला आणि एलाडिओला बोलावून सरळ सांगितलं होतं. "उद्या सामना संपला की वरून फोन येणार. एक गडी मागतायत. तुमच्या दोघांपैकी कोण, ते मला विचारणार. उद्याचा खेळ बघून सांगेन." मी लेफ्टला खेळतो. एलाडिओ आमचा सेंटर, डोमिनिकन, स्पॅनिश बोलणारा, बावीस वर्षांचा, हरणासारखा पळतो आणि त्याला ते माहीत आहे. त्याला पुढे दहा वर्षं आहेत. मला हा एकच महिना होता. रात्री मला झोप छान लागली, कारण मला खात्री होती की मी जाणार.

"रुड्झिक ना तू? लिऑनचा मुलगा?" म्हातारा आपली कॉफी घेऊन सरकत सरकत माझ्या शेजारच्या स्टुलावर आला होता.

"हो," मी म्हणालो. "आणि किती बाद आहेत ते मला नेहमी माहीत असतं."

"असणारच. त्यासाठी नाही हात केला रे बाबा. तुझं पहिलं नाव आठवेना, मग हाक कशी मारू?"

"कॅझ."

"कॅझ. हां. मी हॅलोरन. मी होतो तिथे, क्लीव्हलंडला. सेंटरच्या मागच्या बाकांवर, बायकोच्या भावाबरोबर."

"टोलेडोत मला भेटलेला प्रत्येक माणूस तिथे होता, मिस्टर हॅलोरन. तेवढी माणसं त्या मैदानात मावणार नाहीत."

लोरेन किटली घेऊन उभी होती, ती फसकन हसली. म्हातारा हसला नाही. "ते सगळे धावा बघत होते," तो म्हणाला. "मी झेल बघत होतो."

मी काटा खाली ठेवला.

"चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला होता. गेला म्हणजे संपलंच. आम्ही उभे राहिलो, आता भिंतीला लागतो म्हणून. तुझा बाप आमच्याकडे तोंड करून पळत येत होता, चेंडूकडे पाठ. एकदा वळून बघितलं नाही त्याने. शपथेवर सांगतो, एकदाही नाही. आणि शेवटच्या पावलाला नुसते दोन्ही हात पुढे केले, जेवायला ताट पुढे करतात ना, तसे. चेंडू त्याच्या मागून, डोक्यावरून आला आणि त्यात बसला. माझा मेहुणा तोंडात सँडविच धरून तसाच उभा. साठ वर्षं मी हा खेळ बघतोय. तसा झेल पुन्हा बघितला नाही."

"आणि मग?"

"मग काय, तो वळला आणि निघाला चालत. त्याच्याच संघातला लेफ्टवाला तिथेच होता की, दहा पावलांवर. त्याला कळलं होतं, बघ. त्याचं तोंड मला दिसत होतं. कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. ओरडला असता, जाऊन चेंडू काढून घेतला असता, तरी चाललं असतं. नुसता बघत राहिला."

"का?"

"ते आता मला काय विचारतोस?" म्हाताऱ्याने कॉफी संपवली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुझ्या बापाला सांग, हॅलोरनने झेल बघितला म्हणून."

मैदान नदीच्या पलीकडे आहे. मी पुलावरून चालत निघालो. खाली कोळशाचे तराफे संथ चालले होते. मला स्वतःचा विचार करायचा होता, फोनचा, वरच्या संघाच्या कपड्यांचा, पाठीवर कुठला आकडा मिळेल त्याचा. पण डोक्यात तो झेल येऊन बसला. सव्वीस वर्षं मी त्या दुपारबरोबर राहिलो, जेवलो, भांडलो, शाळेत तिच्यापायी एकाचा दात पाडला, आणि त्या दुपारी एक झेलही होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे होता हे ठाऊक होतं, झेलाशिवाय पुढचं झालंच नसतं. पण तो कसा होता हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. पॉपने कधी सांगितलं नाही. कुणी विषय काढलाच तर तो म्हणायचा, "मी मोजायला चुकलो," आणि उठून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जायचा. जाजाला विचारायला हवं होतं. तो त्या दिवशी रेडिओ ऐकत होता. पण रेडिओवाल्यानेही झेल सांगितला असेल आणि लगेच पुढच्या गडबडीत तो विसरला असेल. पुलाच्या मधोमध मला लाज वाटली, चांगली कान तापेपर्यंत लाज वाटली. आणि तिच्या मागोमाग, का कोण जाणे, छाती भरून आली. चेंडूकडे पाठ करून, न बघता! अरे, ते मला जमत नाही. मला जमत नाही अशा गोष्टी फार नाहीत.

सामना दुपारी दीडला सुरू झाला. मी उत्तम खेळलो. दोनदा बेसवर पोचलो, एक गडी लेफ्टवरून फेकून बाद केला, आणि स्किपने डगआउटमधून तंबाखूची पिंक टाकून मान हलवली. त्याच्या लेखी ती शाबासकी. सातव्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. एक गडी बाद झाला. मग एक साधा चेंडू आमच्या पहिल्या बेसवाल्याकडे गेला, पंचाने बादची मूठ वर केली, आणि तेवढ्यात बेसवाल्याच्या हातून चेंडू निसटला म्हणून तीच मूठ उघडून हात आडवे केले. नाबाद. चेंडू घरंगळला तेवढ्यात तो आणि आधीपासून पहिल्या बेसवर असलेला गडी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर पोचले, बाद एकच. मी सेंटरकडे वळून तर्जनी वर केली. एलाडिओ बाहीने डोळ्यांतला घाम पुसत होता. त्याने बघितलं नाही. मी शिट्टी मारणार होतो, पण तोवर बॅटचा आवाज आला आणि माझे पाय निघाले.

चेंडू आमच्या दोघांच्या मधे, खूप खोल. तो त्याचा होता; मी त्याच्या मागच्या बाजूला धावत होतो, सुटला तर अडवायला, हा आमचा नेम. एलाडिओने उडी घेतली, आडवा झाला, गवतावरून घसरत गेला, आणि उठला तेव्हा चेंडू ग्लव्हमध्ये होता. सगळं मैदान उभं राहिलं. तो हसला. गुडघ्यावरचं गवत झटकलं, ग्लव्ह छातीशी धरला, मान खाली घातली आणि धिम्या पावलांनी आत चालायला लागला. पंचाची ती पहिली मूठ त्याने मोजली होती.

आता खरं सांगतो, कारण या गोष्टीत तेवढंच सांगण्यासारखं आहे. मी थांबलो. एक पाऊल थांबलो. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो. तिसऱ्या बेसवरचा गडी सुटला होता, दुसऱ्यावरचा सुटत होता, लोक ओरडत होते, आणि एलाडिओचा हात टोपीकडे चालला होता. मी काही करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं. कुणी मला बोल लावला नसता. पॉपशेजारच्या त्या लेफ्टवाल्याला तरी सव्वीस वर्षांत कुणी कुठे लावला? संध्याकाळी फोन आला असता आणि स्किपने माझं नाव घेतलं असतं. आणि मला कळलं की माझे हात कंबरेकडे निघालेत. माझेच हात, जाजाने दिलेले. मला त्या हातांची इतकी किळस आली की मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही, आणि धावत सुटलो. एलाडिओच्या ग्लव्हमधून चेंडू उपसून काढला आणि होमकडे फेकला. पहिला गडी पोचलाच होता, बरोबरी झाली. दुसरा तिसऱ्या बेसला वळसा घालून निवांत येत होता. चेंडूने एक टप्पा घेतला आणि होमवर बसलेल्या आमच्या कॅचरच्या हातात गेला, आणि तो गडी त्याच्यावर येऊन आदळला. बाद. तो खरा तिसरा. लोकांना वाटलं ही आमची ठरलेली चाल असणार, एकाने झेलायचं आणि ज्याचा हात दणकट त्याने फेकायचं. असा फेकलेला चेंडू त्यांनी पूर्वी बघितला नव्हता आणि पुन्हा बघणार नाहीत, हेही सांगून ठेवतो.

"किती होते?" आत येताना एलाडिओने ओठ न हलवता विचारलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"एक."

"मला वाटलं दोन."

"हे आता आयुष्यात कुणाला सांगू नकोस. आणि यापुढे प्रत्येक चेंडूआधी शेजारच्याला विचार. तो वैतागला तर वैतागू दे."

आम्ही जिंकलो. स्किपने मला त्याच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि टेबलावरच्या फोनवर हात ठेवून बसला. "त्या पोराची मोजणी चुकली ना?"

"नाही. मी चेंडू मागितला."

"कुठल्या भाषेत?"

"स्पॅनिशमध्ये."

"तुला स्पॅनिश येतं?"

"मीठ मागता येतं, चेंडू मागता येतो. अकरा गावांत तेवढ्यावर भागलं."

स्किपने फोन थोडा बाजूला सरकवला. तो पॉपच्या विरुद्ध खेळलेला माणूस. त्याच्यापासून काय लपणार? "कॅझ, हे बघ. त्याची चुकली असेल तर मी तुझं नाव सांगतो. नसेल तर असा झेल घेणारं पोरगं सोडून चौतीस वर्षांचा गडी वर पाठवला तर ते मला वेड्यात काढतील. एकदाच विचारतो."

"नाही चुकली, स्किप."

"तू वर गेला असतास तर काय केलं असतंस?"

"झकास खेळलो असतो."

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर राग येतोय. चल, नीघ."

मी साधुसंत नाही. अंघोळ करताना मी त्या पोराला, स्किपला, वरच्या लेफ्टवाल्याच्या घोट्याला मनसोक्त शिव्या घातल्या. भोपळा राहिला, बहुतेक आता राहणारच. पण कपडे चढवताना आरशात बघितलं तर समोरचा माणूस मला आवडला. ताठ उभा होता. एलाडिओ पिशवी खांद्याला लावून निघाला. दारात थांबून त्याने न बोलता तर्जनी वर केली, एक, आणि मी मान हलवली. मग मी बोळकांडीतल्या फोनवरून टोलेडोला घरी फोन लावला.

"हरलात?" पॉपने विचारलं. त्याच्यामागे कुठल्यातरी सामन्याचा रेडिओ चालू होता.

"जिंकलो."

"वरून फोन आला?"

"आला. एलाडिओ गेला."

तो म्हणाला, "चांगला आहे का पोरगा?"

"चांगला आहे. मोजायला जरा कच्चा आहे."

पॉप हसला, तेच ते अकॉर्डियनवाल्यापुढचं हसणं. मी म्हणालो, "पॉप, मला आज हॅलोरन नावाचा माणूस भेटला. क्लीव्हलंडला सेंटरच्या मागे बसला होता. म्हणाला, त्याने झेल बघितला."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तो झेल तू घेतलास कसा? मी कधी विचारलंच नाही."

पलीकडे खट्ट झालं. रेडिओ बंद झाला होता. मी चौतीस वर्षांचा घोडा, बोळकांडीत ओल्या केसांनी उभा, आणि माझा जीव आठ वर्षांच्या पोरासारखा खाली गेला. चुकलंच काहीतरी. आता तो कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर जाणार.

"डोक्यावरून गेला होता," पॉप म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो तरुण होता. "आवाजावरूनच कळलं, लांब जाणार. मी पाठ केली आणि पळालो. वर बघितलं नाही. बघितलं असतं तर पाऊल चुकलं असतं. भिंतीवरच्या जाहिरातीत एक लाल अक्षर होतं, त्याच्यावर नजर ठेवली. मनात म्हटलं, आला असेल आता, आत्ता येईल. आणि मग मी असे, हे असे..."

रिसीव्हर टेबलावर आदळल्याचा आवाज आला. मग काहीच ऐकू येईना, नुसती स्वयंपाकघरातल्या फरशीवर त्याची पावलं. मी रिसीव्हर कानाला लावून थांबलो. त्याला दोन्ही हात लागणार होते.